आतून उघडणारी खिडकी

१

ब्रिटाचा फोन आला तेव्हा मार्ना तळघरात मोज्यांच्या जोड्या लावत बसली होती. तिच्या नवऱ्याचे, लायलचे, मोजे धुवायच्या मशीनमध्ये जोडीनं जायचे आणि एकेकटे बाहेर यायचे.

"आई, बसलीयेस का?"

"मोज्यांच्या ढिगावर बसलेय. बोल."

"नोव्हेंबरच्या शेवटी तू आजी होणार."

मार्नाच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून लायल वरून धावत खाली आला. त्याला वाटलं फ्रीझर बंद पडला आणि वर्षभराचं हरणाचं मांस गेलं.

"आजी!" मार्ना ओरडली. "मी! सेहेचाळिसाव्या वर्षी!"

लायलनं चष्मा काढला, पुसला, परत घातला. "वाईट नाही," तो म्हणाला. अमेरिकेच्या उत्तर टोकाला असलेल्या डुलुथ गावात यापेक्षा मोठी दाद आजवर कुणाला मिळाल्याचं ऐकिवात नाही.

ब्रिटाचा नवरा कोडी कच्चं लोखंड वाहणाऱ्या बोटीवर कामाला होता. गावालगतचं समुद्राएवढं सरोवर गोठून बोटी बंद पडेपर्यंत, म्हणजे पार जानेवारीपर्यंत, तो पाण्यावरच. त्यामुळे बाळंतपणाला ब्रिटा माहेरी येणार हे न बोलता ठरलं. पण तिला झोपवायचं कुठे? तिच्या जुन्या खोलीची भिंत पाडून मार्नानं दोन वर्षांपूर्वी स्वयंपाकघर ऐसपैस करून घेतलं होतं. "माझ्या पलंगाच्या जागी तुझा ओव्हन आहे," हे ब्रिटा फोनवर अजून ऐकवायची.

मार्नानं तळघराकडे मान फिरवून बघितलं. उघड्या काँक्रीटच्या भिंती, नाताळची खोकी, फ्रीझर, लायलच्या मासेमारीच्या काठ्या. तिला मात्र पिवळ्या रंगाची खोली दिसत होती, पाळण्यासकट, पडद्यांसकट.

"इथे!" ती म्हणाली.

"आधी ओल," लायल म्हणाला.

ओल कुठून येते ते कळल्याशिवाय तळघरात खिळासुद्धा ठोकू नये, हे तिथल्या प्रत्येक बाप्याला पाठ असतं. त्याची परीक्षा सोपी. पारदर्शक प्लॅस्टिकचा चौकोन घ्यायचा, भिंतीवर ठेवून चारी कडांना चिकटपट्टी लावायची आणि दोन दिवस विसरून जायचं. प्लॅस्टिकच्या बाहेरच्या अंगाला पाणी धरलं, तर ओल घरातल्या हवेची. आतल्या अंगाला, भिंतीकडून धरलं, तर ओल पलीकडची.

चार भिंतींना चार चौकोन लागले. दोन दिवसांनी मार्नाच उत्साहानं बघायला गेली. तीन कोरडे ठणठणीत. चौथा फ्रीझरमागे, उत्तरेच्या भिंतीवर. तो आतून धुरकट झाला होता.

सगळा नाही, बशीएवढाच. गुडघ्याच्या उंचीवर, अगदी गोल.

ती वाकून बघायला लागली तर तो गोल आक्रसत गेला आणि नाहीसा झाला. मग परत उमटला. परत आक्रसला. फ्रीझरची मोटर, मार्ना मनाशी म्हणाली, गरम वारा मारतेय. तिनं फ्रीझरचा प्लग काढला. तरी गोल येतच राहिला, जातच राहिला. तिला जरा विचित्र वाटलं, आणि नकळत तिनं श्वास रोखून धरला.

तेव्हा गोलही थांबला.

"काय निघालं?" लायलनं वरून विचारलं.

"भिंतीकडून आहे."

"म्हणजे जमिनीची."

"हो," मार्ना प्लग परत लावत म्हणाली. "जमिनीचीच असणार."

२

नगरपालिकेत बांधकाम परवान्याच्या खिडकीशी बसलेल्या बाईंनी एकच प्रश्न विचारला. "तिथे कुणी झोपणार आहे का?"

लायलनं मार्नाच्या पायावर पाय ठेवला. या प्रश्नाला गावात "नाही, शिवणकामाची खोली आहे" असंच सांगतात. अर्ध्या डुलुथच्या तळघरात शिवणकामाच्या खोल्या आहेत आणि सुई एकीतही सापडायची नाही. कारण झोपायची खोली म्हटली की नियम लागतो. आत जो झोपेल त्याला आपलं आपण बाहेर पडता आलं पाहिजे. त्यासाठी माणूस जाईल एवढी मोठी खिडकी हवी. ती आतून उघडणारी हवी, किल्लीबिल्ली न लागता. खिडकीबाहेर जमिनीत खड्डा खणायचा, त्याला पत्र्याचं अस्तर द्यायचं. त्या खड्ड्याला तिथे विहीरच म्हणतात. आणि विहिरीतून वर यायला शिडी, शिवाय तोंडावर खालून उचलता येईल असं पारदर्शक झाकण.

"झोपणार म्हणजे काय!" मार्नाचा आवाज सगळ्या कचेरीत गेला. "माझं नातवंड झोपणार!"

घरी येताना लायल पुलावर बोटांनी आकडेमोड करत होता.

"भिंत कापून खिडकी बसवायची म्हणजे पाच हजार डॉलर," तो शेवटी म्हणाला. "जमिनीखालची मोरी आणि पंप वेगळा. माझी बर्फगाडी गेली समज."

"बर्फगाडी जाऊ दे, बाबागाडी येतेय."

"आणि सहा आठवड्यांचं पोर शिडी चढणार आहे का?"

"नियम आहे, लायल. आत जो कुणी असेल त्याला वाट ठेवायची."

हे वाक्य बोलताना तिला स्वतःचं फार कौतुक वाटलं होतं.

३

सप्टेंबरभर घर धुळीनं भरलं आणि मार्ना आनंदानं. भिंतीच्या कडेनं फरशी फोडून मोरी गेली. कोपऱ्यातल्या खड्ड्यात पंप बसला. पाणी साठलं की तो घरघरायचा आणि शेवटी एक मोठा घोट गिळल्यासारखा आवाज करायचा. "म्हातारा कॉफी पितोय," लायल म्हणायचा. भिंतींवर फोमचे जाड तक्ते चढले. फोमसमोर थोडी फट सोडून लाकडी चौकट उभी राहिली, कारण लाकूड भिंतीला टेकलं की कुजतं.

मार्नाला सगळ्यातच गंमत वाटत होती. कानामागे पेन्सिल अडकवून ती उगीचच मापं घ्यायची. रंगांचे नमुने तर तिनं उशाशी घेऊन झोपायला सुरुवात केली होती. "'लोणी', 'सकाळ' की 'बदकाचं पिल्लू'?" ती विचारायची, आणि लायल म्हणायचा, "पिवळा."

उत्तरेच्या भिंतीबद्दल ती नंतर काही बोलली नव्हती. फोम लागलाच होता तिच्यावर. दिसत नाही ते नाही.

आता 'ओप्'बद्दल सांगायला हवं. त्या मुलखात चालताना कुणाला धक्का लागला, किंवा लागेलसं वाटलं, की तोंडातून आपोआप 'ओप्' निघतं. 'अय्या, चुकलं, जरा जाऊ द्या हं' हे सगळं त्या एका उद्गारात आलं. पोरं बोलायला शिकतात तेव्हा आई-बाबांच्या पाठोपाठ हाच शब्द शिकतात. मार्ना तर दुकानातल्या ढकलगाड्यांनाही ओप् म्हणायची, आणि एकदा चर्चच्या खांबाला म्हणाली होती.

तर त्या दुपारी लायल अंगणात लाकूड कापत होता. करवतीचा आवाज खाली येत होता. मार्ना खिळ्यांचा डबा घेऊन फ्रीझर आणि चौकट यांच्या मधल्या बोळातून आडवी होऊन निघाली, आणि खांदा कुणाला तरी घासला.

"ओप्, जरा जाऊ दे हं," ती म्हणाली आणि पुढे गेली.

चार पावलांनी तिच्या ध्यानात आलं, की जाऊ दिलं होतं. ज्याला घासलं ते बाजूला झालं होतं. ओल्या बाहीसारखं काहीतरी तिच्या दंडावरून मागे सरकलं होतं, सावकाश, अदबीनं.

बाहेर करवत चालूच होती.

मार्नानं दंड बघितला. स्वेटर ओला होता.

"पाइप," ती मोठ्यानं म्हणाली. "पाण्याचा पाइप असतो, मार्ना. गार असतो. घाम येतो त्याला. आणि तू त्याला ओप् म्हणालीस. उद्या पंपाची खुशाली विचार." तिला स्वतःचंच हसू आलं, आणि ती खरंच हसली, मोठ्यानं.

हसणं थांबलं तेव्हा चौकटीपलीकडून, भिंत आणि लाकूड यांच्या मधल्या बोटभर फटीतून, नवीन शब्द जिभेवर घोळवून बघावा तसं कुणीतरी म्हणालं,

"ओप्."

४

खिडकी बसली त्या दिवशी मार्ना नाचली. हे खरं आहे, लायल साक्षीदार आहे. काँक्रीट कापून तो तुकडा बाहेर पडला आणि घर बांधल्यापासून पहिल्यांदा तळघरात ऊन आलं. फरशीवरून सरकत पार उत्तरेच्या भिंतीपर्यंत गेलं. चौकटीमागच्या फटीतही घुसलं. तिथे काही नव्हतं. मार्नानं विजेरी घेऊन इंच न् इंच बघितला, आणि इतकं हायसं वाटलं की तिनं लायलच्या गालाचा, धुळीसकट, मुका घेतला.

"बदकाचं पिल्लू!" तिनं जाहीर केलं. रंगाचं नाव होतं ते.

तपासणीला नगरपालिकेचा गेलन आला. उंच, लाजाळू माणूस. बूट दारात काढून मोज्यांवर घरात फिरणारा. मार्नानं भोपळ्याच्या वड्या केल्या होत्या.

"नको नको, आत्ताच जेवून आलो," गेलन म्हणाला.

"एक घ्या हो, छोटीशी."

"उगीच तुम्हाला त्रास."

"अहो, केल्यात त्या कुणासाठी? घ्या."

"बरं, तुमचा आग्रहच आहे तर," म्हणून त्यानं तीन घेतल्या. तिथली रीतच ती. दोनदा नाही म्हणायचं, तिसऱ्यांदा घ्यायचं. पहिल्याच बोलावण्याला हो म्हणणारा हावरट, आणि दोनदाच बोलावून थांबणारा कंजूष.

खाली गेल्यावर गेलननं पंप बघितला, धुराची घंटा बघितली, खिडकी उघडून शिडीवर चढून उतरून बघितलं. "झकास. किल्ली नाही, काही नाही. एका बोटानं उघडते आतून." मग तो वर यायला वळला आणि जिन्याच्या तोंडाशी अचानक अंग चोरून भिंतीला चिकटला.

"ओप्," तो म्हणाला. "माफ करा. आधी तुम्ही."

मार्ना त्याच्या मागे होती. पुढे जिना रिकामा होता. गेलनची मान मात्र वर होती, छतापर्यंत वर, एखाद्या फार उंच माणसाकडे बघावं तशी. मग ती हळूहळू खाली झुकत गेली, खाली, आणखी खाली, पार गुडघ्यांपाशी. समोरचा माणूस घडी घालत बसत चालला असावा, तशी.

"काय झालं?" मार्नानं विचारलं.

गेलन लाल झाला. "काही नाही हो. सवय. काल मी फ्रीजलासुद्धा म्हणालो." त्यानं सही केली आणि चौथ्या वडीला नको म्हणायलाही न थांबता गेला. बूट त्यानं गाडीत बसून घातले.

५

शनिवारी ब्रिटा येणार होती. शुक्रवारी सकाळी लायल कामावर गेल्यावर मार्ना जिन्याच्या खालच्या पायरीवर बसली.

खोली बघून तिचा जीव भरून येत होता. पिवळ्या भिंती, पांढरा पाळणा, पायाखाली मऊ गालिचा. ओलीचा वासही नाही. पण उत्तरेच्या भिंतीशी, पाळण्याच्या डोक्याकडे, पिवळ्या रंगावर बशीएवढा गोल येत होता आणि जात होता. आता तो गुडघ्याच्या उंचीवर नव्हता. पाळण्याच्या कठड्याच्या उंचीवर होता.

लायलला सांगून काय होणार? तो म्हणणार, ओल. पाद्र्याला सांगितलं तर तो जेवायला बोलावणार. मार्नानं रात्रभर विचार करून एक ठरवलं होतं. ते जे काही होतं ते धक्का लागला की बाजूला होतं, ओप् म्हणतं, जिन्यात लोकांना वाट देतं. म्हणजे त्याला रीत कळते. आणि रीत कळणाऱ्या पाहुण्याला घालवायची रीत मार्नाच्या हाडात होती.

तिनं खिडकी सताड उघडली. परत पायरीवर येऊन बसली. दोन्ही हात गुडघ्यांवर आपटले.

"चला तर मग," ती म्हणाली.

तिच्या मुलखात याच्यापुढे बोलावं लागत नाही. गुडघ्यांवर थाप पडली की पाहुणा उठतो. उठला तरी जात नाही हा भाग वेगळा. दारात उभं राहून हवापाण्याच्या गप्पा होतात, मग अंगणात, मग गाडीच्या काचेतून. मार्नानं त्या सगळ्या केल्या. एकटीनं.

"यंदा बर्फ लवकर येणार म्हणतात... हो ना... वारा सरोवरावरून सुटलाय... बरं झालं बाई आलात ते. आता माझी लेक येतेय. तिचं बाळ येतंय. म्हणजे जागा लागेल, असं आपलं..."

गोल आला. गोल गेला. परत आला नाही.

गालिच्यावर कुणी चालल्यासारखं काही दिसलं नाही. फक्त त्याचे मऊ केस एकेका जागी दबले, एकेका जागी उठले. खिडकीतला उजेड गेला. आडवं, लांबच लांब काहीतरी चौकटीतून सरपटत असावं, इतका वेळ उजेड नव्हता. मार्नानं डोळे आपल्या गुडघ्यांवर खिळवून ठेवले. शिडीच्या पायऱ्या वाजल्या, एकामागून एक, खालून वर. विहिरीवरचं झाकण उचललं गेलं.

गेलं!

मार्ना आनंदानं उठली. ती खिडकीशी धावली. सुटल्याच्या भरात, आईनं आणि आईच्या आईनं शिकवलेलं, दारातून पाठ वळलेल्या कुठल्याही माणसाला म्हणायचंच असतं ते, तिच्या तोंडून निघून गेलं.

"परत या हं! कधीही या!"

वर झाकण क्षणभर अधांतरी थांबलं. मग हळूच, आवाज न करता, मिटलं.

६

बाळ आलं. मुलगी. नाकीडोळी थेट लायल, म्हणजे चष्मा तेवढा नव्हता. मार्नाला आनंदानं दिवस पुरेनात. खोली उबदार होती, कोरडी होती. पंप म्हाताऱ्यासारखा कॉफी पीत होता. उत्तरेची भिंत पिवळीधमक. "आई, ही खोली माझ्या जुन्या खोलीपेक्षा भारी आहे," ब्रिटा म्हणाली तेव्हा मार्ना चक्क रडली. "ओव्हन माफ," ब्रिटानं तिला जवळ घेत म्हटलं.

डिसेंबरातल्या एका दुपारी मार्ना खाली धुतलेल्या लंगोटांची चळत ठेवायला गेली. पोरगी पाळण्यात झोपलेली, ब्रिटा पलंगावर. खिडकीच्या काचेवर वाफ धरली होती. मार्नानं जाता जाता बाहीनं पुसली.

पुसली गेली नाही.

परत पुसली. काच आतून कोरडी होती. वाफ पलीकडून होती. बशीएवढी, गोल.

ती लंगोट हातात धरूनच वर आली. तेवढ्यात मागच्या दारातून लायल बर्फ झटकत आला. खिडकीची विहीर बर्फानं बुजू द्यायची नाही हे काम त्यानं अंगावर घेतलं होतं.

"शेजारच्या ऑर्व्हिलला काय झालंय गं?" तो हातमोजे काढत म्हणाला. "मी वाकून फावडं मारतोय, आणि हा नुसता मागे उभा. सावली पडली म्हणून कळलं. म्हटलं, थंडी मी म्हणतेय, आत ये की कॉफीला. तर नाही म्हणाला."

"बोलला?"

"नाही. सावलीनं मान हलवली. मी वळलो तर गेला होता."

"ऑर्व्हिल थंडी चुकवायला ॲरिझोनाला गेलाय, लायल. नोव्हेंबरातच, थँक्सगिव्हिंगच्या सणाला."

"हो की," लायल म्हणाला. मग खुर्चीत बसला. "अरे हो, आणि कोडीचा फोन होता मघाशी. बाळ बघायला रजेवर येणार होता ना, पण वादळात बोट अडकलीय सरोवराच्या पलीकडच्या टोकाला, आठवडाभर येत नाही म्हणाला. ब्रिटा झोपली होती, तिला सांगायचं राहिलं."

मार्ना ऐकत नव्हती. ती मनात बोलावणी मोजत होती. पहिल्यांदा मी. तेव्हा ते आलं नाही. दुसऱ्यांदा लायल. तेव्हाही नको म्हणालं.

रीत कळते त्याला.

"लायल," ती म्हणाली, "ब्रिटाला आत्ताच्या आत्ता वर..."

खालून ब्रिटाची किंकाळी आली. आनंदाची होती ती. मार्नानं लेकीला इतकी खूश लहानपणानंतर पाहिली नव्हती.

"आई! बाबा! कोडी आलाय! खिडकीशी आलाय, येडा कुठला, शाळेत असताना यायचा तसा! अगं, काचेवर इतकी वाफ आहे की दिसतसुद्धा नाहीये बिचारा!"

मार्नाच्या हातातून लंगोट पडले. ती जिन्याकडे धावली. "ब्रिटा, नको! बोलू नकोस! ब्रिटा!"

पण ब्रिटा मार्नाचीच लेक होती, आणि मार्नानं तिला चांगलं वळण लावलं होतं.

"ये ना रे," तिचा हसरा, लाडिक आवाज आला. "बाहेर काय उभा? आत ये!"

एका बोटानं उघडते आतून. खिटी एकदाच वाजली. जिन्यातून गार, ओला वारा मार्नाच्या तोंडावर आला. खाली पाळणा लाकडाला लाकूड घासल्यासारखा आवाज करत जरासा हलला, आणि त्याला धक्का लागल्याबद्दल कुणीतरी, फार अदबीनं, म्हणालं,

"ओप्."